पलीकडच्या रंगाचा आरसा

पंचांगं लिहिली जाऊ लागली, त्याच्याही फार आधीची ही गोष्ट. डोंगरांतल्या एका राज्यात जाणत्या मंडळींनी सांगितलं, "आकाशातले तारे एकेक करून विझत चाललेत. नवा एकही जन्मत नाही." ते ऐकून लोकांचा धीरच सुटला.

राजाने भिंगं घासणाऱ्या कुमुदाला बोलावलं. "सगळं आकाश धुंडाळेल असं यंत्र कर. खरं काय ते मला कळू दे."

कुमुदाची एका मधमाशीशी मैत्री होती. माशी म्हणाली, "कुमुदाताई, कोवळे, तापलेले तारे जांभळ्याच्याही पलीकडच्या रंगात चमकतात. तो रंग तुम्हा माणसांना दिसत नाही, आम्हाला दिसतो. पण हवेचं पांघरूण त्याला वरच अडवतं. यंत्र हवेच्या वर न्यायला हवं."

डोंगरावरचा गरुड म्हणाला, "यंत्र मी नेतो, माशीलाही नेतो. मात्र वजन कलिंगडाहून जास्त नको."

पाच वर्षं खपून कुमुदाने एक सुंदर भिंग घडवलं. निघायच्या आदल्या दिवशी माशीने त्यातून एक फूल पाहिलं आणि ती भिंगाभोवती अस्वस्थपणे घिरट्या घालू लागली.

"काय झालं गं?"

"ताई, यातून तो रंग दिसतच नाही. काच त्याला गिळून टाकते."

शेजारी उभा असलेला प्रधान हळूच म्हणाला, "हे कुठे बोलू नकोस. तो रंग दरबारात दिसतो कुणाला? भिंग वर जाऊ दे, तुझा मान राहील."

कुमुदाने हातावरच्या घट्ट्यांकडे पाहिलं. मग भर दरबारात जाऊन ती म्हणाली, "महाराज, माझं भिंग आंधळं आहे. मी आधीच पारखून घ्यायला हवं होतं. चूक माझी."

"पाच वर्षं!" राजा संतापून उठला. येरझाऱ्या घालून थकल्यावर त्याने विचारलं, "आता काय करशील?"

"धातूचा आरसा घासेन. चांगला घासलेला धातू तो रंग गिळत नाही, परत देतो. आणि आरसा असा करीन, की एका नजरेत आकाशाचा मोठा तुकडा मावेल. नाहीतर सगळं आकाश पाहायला सात जन्म पुरायचे नाहीत."

आणखी दोन वर्षं गेली. या खेपेला माशी रोज आरशावर बसून सांगे, "इथे अजून खरखरीत आहे." कुमुदा पुन्हा घासे.

अखेर गरुड उडाला. प्रत्येक फेरीनंतर माशी सांगे आणि कुमुदा कापडावर ठिपके काढी. तिसऱ्या फेरीहून माशी ओरडतच आली, "जाणते ज्याला रिकामा कोपरा म्हणतात ना, तिथे ताऱ्यांचं बाळंतघर आहे!"

राजाने ते कापड चौकात टांगलं. लोकांची झुंबड उडाली. जाणत्यांतला सर्वांत म्हातारा पुढे आला. ठिपक्यांवरून बोट फिरवता फिरवता तो हसू लागला. "आमचंच चुकलं, बाई. उरलेलं आकाश मोजायला मलाही सोबत घेशील?"

कुमुदाने त्याच्या हाती कुंचला दिला.

कुणाच्या नजरेला न येणारी चूकही जो स्वतःहून कबूल करतो, त्यालाच पुढचं खरं दिसतं.