देवाचा लोंगर

"नवस बोललेला केळ्यांचा लोंगर बकरीनं खाल्ला, तर नवस फिटला की अंगावर राहिला? एवढंच सांगा, फादर!"

फादर अँब्रोज ओटीवर पेज पीत बसले होते. वाडगा न ठेवताच त्यांनी वर पाहिलं. दारात रेजिनाबाय. अंगावर सणाचं लाल लुगडं, केसांत अबोली, हातात दोरी. दोरीच्या टोकाला बकरी.

"कुठला नवस?"

आता काय म्हणावं या माणसाला! सगळ्या गावाला ठाऊक होता तो नवस. मागच्या उन्हाळ्यात लेक बाळंतपणात अडली, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून रेजिनाबायनं पदर पसरला होता. 'देवा, दोन्ही जीव सुखरूप मोकळे कर. राजेळी केळीचा पहिला लोंगर तुझ्या पायांशी आणीन.' देवानं ऐकलं. नातू आता रांगतो. त्या केळीला तिनं लेकरासारखं जपलं, नवऱ्याला एका केळ्याला हात लावू दिला नाही. काल लोंगर उतरवला, झेंडूची माळ घालून ओटीवर टेकवला. आणि आज सणाच्या सकाळी पाहते तो नुसता दांडा! शेजारच्या ब्रिजितची बकरी शांतपणे माळ चघळतेय.

"बायबलात, निर्गम, बाविसावा अध्याय," रेजिनाबाय म्हणाली. ती फादरांच्याच हाताखाली धर्मशिक्षण शिकली होती, आता दर रविवारी मुलांना शिकवायची. वचनात तिला कुणी अडवू शकत नसे. "जनावर दुसऱ्याच्या रानात चरलं, तर धन्यानं आपल्याकडचं उत्तम ते भरून द्यावं. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं खरं..." फादर उसासले. "ब्रिजितकडे उत्तम काय आहे?"

"ही बकरीच की!"

"आणि वाईट?"

रेजिनाबायनं दोरी जवळ ओढली.

"बोल ना."

"तीच. दुसरं आहे काय त्या रांडमुंड बाईकडे? हिचं दूध विकते नि जगते." रेजिनाबायचा आवाज जरा उतरला, पण लगेच चढला. "म्हणून काय झालं? न्याय तो न्याय. आज देवळातल्या मिस्सेत लोंगराऐवजी हिलाच अर्पण करते. मग मिस्सा झाल्यावर अर्पणांच्या लिलावात जो घेईल तो घेईल."

"लोंगर तुझा होता?"

"माझा कसला? बोलले तेव्हाच देवाचा झाला."

"मग तुझं काय खाल्लं?"

"फादर! माणसाचं खाल्लं तर चोर, आणि देवाचं खाल्लं तर काय पेढे वाटायचे?"

फादरांनी वाडगा खाली ठेवला. बकरीनं लगेच त्यात तोंड घातलं. फादर तिच्याकडे बघत राहिले. पेज संपली, तसे गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"चल. ज्याचं खाल्लं त्यालाच विचारू."

देवळात अजून कुणी नव्हतं. वेदीवर निशिगंधाच्या काड्या रचलेल्या. फादर वेदीसमोर उभे राहिले. उभेच राहिले... म्हातारा उभ्या उभ्या झोपला की काय, असं रेजिनाबायला वाटायला लागलं. तेवढ्यात दोरीला हिसका बसला. बकरीनं वेदीवरची फुलं ओढली होती.

"बघा! तुमच्या डोळ्यांदेखत!"

"बघतोय."

"मग हाकला की!"

फादरांनी क्रुसाकडे मान वळवली. "त्यानं हाकललं?"

"अहो, त्याचे हात खिळलेत, फादर! तो कसा हाकलणार?"

"हं..."

दारात धाप ऐकू आली. ब्रिजित होती. अनवाणी, घरच्याच कपड्यांत, गावभर शोधून आलेली. बकरीच्या तोंडातली वेदीची फुलं पाहून ती उंबऱ्यावरच खाली बसली.

"मेले गं बाय... रेजिनाबाय, मारू नकोस तिला. तुझ्या केळ्यांचं मी... मी काय ते..."

द्यायला तिच्याकडे काहीच नव्हतं.

रेजिनाबायनं दोरी मुठीत आणखी घट्ट धरली. "आता ती समोर आहे. निवाडा करा, फादर. लोक यायला लागतील."

"आधी प्रार्थना. 'हे आमच्या बापा' म्हणू. ब्रिजित, तूही ये इथे."

प्रार्थनेला नाही कसं म्हणणार? रेजिनाबायनं डोळे मिटले, हात जोडले. जोडलेल्या हातांत दोरी नीट बसली.

प्रार्थना काही सुरू होईना. तिनं एक डोळा उघडला. फादर दोन्ही हात रुंद पसरून, तळवे उघडे ठेवून, तिच्याचकडे बघत होते.

"तसे नव्हे, बाय. माझ्यासारखे."

"पसरू?"

"हं."

"आणि दोरी? ती सुटेल की!"

बकरी फुलं चघळत होती. ब्रिजितची नजर दोरीवर होती.

"हात पसर, बाय."