भुसा कोणाचा?

कडेवर तान्हं बाळ घेऊन हर्षला ग्रामसभेत उभी राहिली आणि घरी घोकलेलं भाषण नेमकं विसरली. ओढ्यात साचलेला लाकडाचा भुसा वाळवून, दुधाच्या वितळवलेल्या प्लास्टिक पिशव्यांत कालवून तिनं अंगणवाडीच्या बाकांसाठी फळ्या केल्या होत्या.

आरागिरणीचे मालक रणदिवे गरजले, "भुसा माझ्या गिरणीचा, म्हणजे फळ्याही माझ्या!"

"नक्की तुमचाच ना, काका?"

"शंभरदा सांगतो!"

हर्षलानं बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं. "मागच्या सभेत तर म्हणालात, ओढा तुंबवणारा भुसा तुमचा नाहीच. आता तुमचा निघालाय, तर फळ्या खुशाल न्या. फक्त अख्खा ओढाही उपसून द्या."

सभेत खसखस पिकली. रणदिवे मटकन बसले. "राहू दे गं. नाही माझा तो भुसा."

"मग बाळाला जरा धरा," हर्षलानं पोर त्यांच्याच मांडीवर ठेवलं. "मला माझ्या फळ्या उचलायच्यात."