चूपकाकांची वाट

तुमच्या पणजोबांचा गुडघा फुटला होता ना, तेव्हाची ही गोष्ट.

त्या गुडघ्याच्या कातडीत एक पेशी होती आणि तिच्या भिंतीत एक दारवान रोवलेला होता. बाहेरून निरोप आला की तो आतल्या जासुदाला ओरडून सांगे. मग जासूद सुसाट गाभ्याकडे पळे, कारण सगळे हुकूम तिथूनच सुटत. मागोमाग पेशीतलेच चूपकाका येऊन दारवानाच्या तोंडावर हात ठेवत. "पुरे! कानठळ्या बसल्या." दारवानाला ते डोळ्यांसमोरही नको असत.

त्या दिवशी जखमेकडून निरोप आला, "शेजारी गेले! वाढा, भोक बुजवा!" पण जासूद दमून आडवा पडला होता. दारवान ओरडत राहिला आणि आले ते नेमके चूपकाका.

"काका, आज तरी तोंड दाबू नका! निरोप पोचलाच नाही हो!"

"मी ऐकलाय की! रोजच ऐकतो," काका म्हणाले. "माझी वाट जरा लांबची आहे. चल."

त्यांनी भिंतीच्या तुकड्यासकट दारवानाला आत ओढलं, पाठुंगळी घेतलं आणि हळूहळू निघाले. दारवानानं जन्मात पहिल्यांदा गाभा पाहिला आणि काकांनी तिथं निरोप पोचवला.

जखम भरली. दारवान पुन्हा भिंतीत आला. त्यानंतर काकांचा हात तोंडाशी आला की तो आधी विचारी, "काका, ऐकलंत ना?"