ओताकीच्या मनोऱ्याची घंटा

मी सांगते ते कुणाला खरं वाटत नाही. जाऊबाई म्हणाल्या, लेकीकडं जपानला गेलीस आणि घड्याळाचा मनोरा बघून आलीस, त्याच्या खाली घर जाळलेल्या बाईची गोष्ट सांगतेस, काहीतरीच तुझं. नका मानू. माझ्या लेकीनं, ज्योत्स्नानं, मला तिथं नेलं होतं, डोंगरातल्या लहानशा गावात. मनोरा झाडणाऱ्या म्हातारीनं सांगितलं, लेकीनं आपल्या भाषेत करून दिलं, आणि मी तुम्हाला सांगते.

आपल्या पणज्यासुद्धा जन्मल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात एकच पाट आणि सगळ्यांची भातशेती त्याच्यावर. पाण्याच्या पाळ्या लावलेल्या. लाकडी मनोऱ्यावर मोठं घड्याळ बसवलं होतं. त्याची घंटा वाजली की पाटकऱ्यानं एका शेताची फळी पाडायची, दुसऱ्याची उघडायची. तो पाटकरी गेम्पाची. त्याचं स्वतःचं शेत पाटाच्या तोंडाशी.

घड्याळाला चावी द्यायचं काम ओताकीकडं होतं. नवरा मेला तसं त्याचं काम हिच्याकडं आलं. मनोऱ्याच्या पायथ्याशी तिचं गवतानं शाकारलेलं घर. तिच्या हातात अशी बरकत होती की तिनं चावी द्यायला दोर ओढला की घड्याळ मांजरासारखं गुरगुरायचं, असं म्हणतात.

एका वर्षी पाऊस रुसला. खालच्या शेतांची पाळी यायच्या आत पाट आटायला लागला. काटा कुणीतरी मागं सारतंय, म्हणून घंटा उशिरा वाजते आणि वरच्या शेतांना जास्त पाणी जातं, हे लोकांच्या लक्षात आलं. गेम्पाची सगळ्यांत आधी बोलला की चावी कोण देतं ते बघा. ओताकीच्या भावाचं शेत वरच्या अंगाला होतं, संशयाला तेवढं पुरलं. तिनं देवाची आण घेतली. कुणी ऐकलं नाही. गावानं तिला वाळीत टाकलं.

तिथं वाळीत टाकायची रीत अशी की त्या माणसाशी बोलायचं नाही, त्यानं हाक मारली तर बघायचं नाही. दोन गोष्टींना मात्र जायचं. घराला आग लागली तर, आणि घरात मयत झालं तर. आपल्याकडं असलं होत नाही असं मला कुणी सांगू नका. मी डोळ्यांनी बघितलंय.

मग लावणीच्या दिवसांत, भर दुपारी, ओताकीनं गेम्पाचीला मनोऱ्यात शिरताना पाहिलं. पाटकरी म्हणून त्याच्याकडंही मनोऱ्याची किल्ली होतीच. ती शेतांकडं धावत सुटली. बायका ओळीनं वाकून रोपं लावत होत्या. ती बांधाबांधानं पळत ओरडत होती.

"माझ्याशी बोलू नका. नुसती मान वर करा. घड्याळाकडं बघा."

एकीनंही मान वर केली नाही. ऐकू सगळ्यांना गेलं. हात चिखलात आणि डोळे हातावर. एकजण म्हणे गाणं म्हणायला लागली, मोठ्यानं, म्हणजे ऐकूच येऊ नये.

ओताकी माघारी गेली. चुलीतलं जळतं लाकूड घेतलं आणि स्वतःच्या छपराला लावलं.

धूर दिसल्याबरोबर सगळं गाव बादल्या घेऊन पळत आलं. आगीला यायचंच असतं ना. आणि धुराबरोबर सगळ्यांच्या माना वर गेल्या. वर घड्याळाशेजारच्या कठड्यावर गेम्पाची, हात काट्यावर. धुरानं त्याला खाली उतरता येईना. लोक बादल्या भरायला पाटाकडं गेले तर पाट कोरडा. पाणी सगळं त्याच्या शेतात चाललेलं. घर जळताना बघत उभं राहण्यापलीकडं गावाला काही करता आलं नाही.

घर जळून गेलं, पण त्याला टेकलेल्या लाकडी मनोऱ्याला ठिणगीही लागली नाही, असं म्हणतात. आणि घंटा आपोआप वाजायला लागली. चोरलेल्या प्रत्येक घटकेची वाजली, दिवस मावळेपर्यंत.

बायका ओताकीला आपापल्या घरी चल म्हणायला लागल्या. ती म्हणाली, "आगीला आलात. मला कोण आलं?"

एवढं बोलून ती मनोऱ्याच्या पायऱ्या चढून गेली. सकाळी दार उघडलं तर आत कुणी नाही. घड्याळाला चावी दिलेली होती. तिचं मयत तरी नीट करून तोंड दाखवायला जागा करावी, असं गावाला वाटलं. तिनं तेवढंही ठेवलं नव्हतं. तेव्हापासून त्या घड्याळाला कुणी चावी देत नाही, आणि ते चालतं. म्हातारीनं मला ते ऐकवलं. मी कान लावून ऐकलंय.

अजून दरवर्षी पाटाला पहिलं पाणी सुटलं की घराघरातून एक भरलेली बादली येते आणि त्या मोकळ्या जागेवर ओतली जाते. तिथं कुणी घर बांधलेलं नाही. मग गावातली सगळ्यांत म्हातारी बाई विचारते, ही आग कुणामुळं लागली? पहिली काही वर्षं लोक गेम्पाचीचं नाव घ्यायचे, मोठ्यानं, आणि त्याची लेकरं मागं उभी राहून ऐकायची. एका वर्षी ती गाणं म्हणणारी बाई पुढं आली. म्हातारी झाली होती. म्हणाली, "त्यानं काटा ढकलला. काडी लावायची वेळ तिच्यावर आपण आणली."

पुढच्या वर्षीपासून उत्तर बदललं. आता विचारलं की म्हातारेकोतारे, शाळेतली पोरं, गेम्पाचीच्या घरचेही, रिकामी बादली हातात धरून, मान खाली घालून आपल्या गावाचंच नाव घेतात: मिझुनोसे.