वाळ्यांची जोडी

"मग आता राहिलं तरी काय, तात्या?"

मुकुंद डहाळेने वाळ्यांची जोडी तात्यांसमोर जवळजवळ आपटलीच. चांदीच ती, खणकन वाजली.

तात्या वेदपाठकांनी मान वर केली नाही. ते दुकानाच्या पायरीवर जुनं वर्तमानपत्र पसरून बसले होते आणि कसलीशी पितळेची वस्तू काचकागदाने घासत होते.

"अजून व्हायचंय," ते म्हणाले.

झालं! पुन्हा तेच... मुकुंदच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तात्यांची एक रीत होती. त्यांच्या हाताखाली शिकलेला कारागीर स्वतःचं दुकान काढायला निघाला, की ते त्याच्या हातावर थोडी चांदी ठेवत आणि तान्ह्या बाळाच्या पायातले वाळे करून आणायला सांगत. वाळे बघून तात्या 'झालं' म्हणाले, की पेठेतले सराफ बिनधास्त त्या माणसाला काम देत. नाही म्हणाले, तर त्याने खुशाल दुकान उघडावं आणि माश्या मारत बसावं.

मुकुंदने पेठेत गाळा घेतला होता. पाटी रंगवून तयार होती. दसरा तोंडावर आला होता. आणि गाडं अडलं होतं म्हाताऱ्याच्या एका शब्दापाशी.

काम अवघड असतं तर गोष्ट वेगळी. पण वाळे! नथ, ठुशी, चिंचपेटी ज्याच्या हाताखालून लखलखत बाहेर पडायची, त्याला बाळाचे वाळे करायला बसवायचं? मुकुंदला पहिल्या दिवसापासून हा अपमानच वाटत होता.

तरी त्याने केले. आरशासारखी झिलई चढवून आणले.

"अजून व्हायचंय."

चकाकी म्हाताऱ्याला आवडत नसेल, म्हणून मॅट केले.

"अजून व्हायचंय."

सोन्याचं पाणी दिलं. ते उतरवलं. मग हल्लीच्या फॅशनप्रमाणे काळपट, ऑक्सिडाइज केले, उठावाची नक्षी तेवढी चमकती ठेवली. तात्यांनी प्रत्येक वेळी वाळा हातात घेतला, आतून एकदा अंगठा फिरवला आणि परत दिला.

आज तो सगळं खरवडून पुन्हा आरशाच्या झिलईवर आला होता. जिथून निघाला तिथेच.

"तात्या, गिऱ्हाईक बघतं ते ते सगळं मी केलं. आता तुम्हीच सांगा, कसलं फिनिश पाहिजे तुम्हाला?"

तात्यांनी फुंकर मारून पितळेचा कीस उडवला.

"सांगून झालं असतं तर केव्हाच सांगितलं असतं."

मुकुंदने कपाळाला हात लावला. तेव्हा कुठे त्याचं नीट लक्ष गेलं, की तात्यांच्या हातातसुद्धा वाळाच होता. त्याने तो ओळखला आणि त्याचा पारा आणखी चढला.

सकाळी कौसाबाई तात्यांच्या दुकानात येऊन गेली होती. आठवडी बाजारात सुया, फण्या, काळे मणी विकणारी बाई. फडक्यात गुंडाळलेली वाळ्यांची जोडी तिने मुकुंदसमोर ठेवली होती.

"दादा, नातवाला टोचत्यात बघा. लेकरू लई रडतंय. जरा मऊ करून द्या की."

मुकुंदने लांबूनच बघून सांगितलं होतं, "मावशी, हे पितळ आहे. वरचा मुलामा उडालाय. इथे चांदीचं काम चालतं, पितळेला आम्ही हात लावत नाही."

खोटं काहीच नव्हतं त्यात. पितळेचा कीस चांदीच्या किसात मिसळला, तर सगळी चांदी नासते. हे त्याला तात्यांनीच शिकवलं होतं. बाई बिचारी फडकं गुंडाळून वळलीसुद्धा. पण तात्यांनी आतून हाक मारून तिला परत बोलावलं, वाळे ठेवून घेतले आणि बाजार उरकला की बाळाला घेऊन ये म्हणाले. आणि चांदीचा कीस बिघडू नये म्हणून दुकानाबाहेर पायरीवर बैठक मारली होती. म्हणजे सकाळपासून हेच चाललं होतं! चांदीचे वाळे घेऊन शिष्य ताटकळत उभा, आणि गुरुजी पितळ घासतायत!

"तात्या, पितळेला एवढा वेळ? आणि माझ्या चांदीकडे नुसतं बघायलाही सवड नाही?"

"चांदी आहे होय ती?"

मुकुंदचा बांध फुटला.

"आता हेही माझ्याकडून ऐकायचं आहे का? चांदी कोणती, जर्मन सिल्व्हर कोणतं, गिलीट कुठलं, सोन्यात तांबं किती घातलंय, हे मी नुसत्या आवाजावरून सांगतो. अख्ख्या आळीला विचारा. धातू मी डोळे मिटून ओळखतो, तात्या!"

तात्यांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"मिट."

"काय?"

"डोळे मिट."

मुकुंद चिडून पायरीवर बसला. डोळे मिटले. आणि वाळा घ्यायला हात पुढे केला.

"हात नको. हात खाली ठेव."

उजव्या पापणीवरून काहीतरी गार, हलकेच फिरलं. लोण्यावरून बोट फिरावं तसं गेलं.

मग तसंच काहीतरी डाव्या पापणीवर... मुकुंदने झटक्यात मान मागे घेतली.

"चांदी कोणती?"

"हे काय विचारणं झालं? पहिली!"

"डोळे उघड."

तात्यांच्या एका हातात, मुकुंदच्या उजव्या पापणीजवळ, कौसाबाईचा पितळी वाळा होता. पिवळाजर्द, मुलामा उडालेला. दुसऱ्या हातात मुकुंदची चांदी ऊन अंगावर घेऊन झगमगत होती.

मुकुंदची डावी पापणी अजून चुरचुरत होती.

"ही फसवणूक आहे!" तो उसळून म्हणाला. "हातात द्या, वजनावरून सांगतो. फरशीवर टाका, आवाजावरून सांगतो. पापणीवरून कुणी धातू ओळखतं का?"

"आत्ता तू ओळखलास की."

"चुकीचा ओळखला!"

"हं..."

तात्या पुन्हा घासायला लागले. म्हाताऱ्याचा हा 'हं' म्हणजे मुकुंदच्या जिवाला वैताग होता. इतकी वर्षं त्याने तो ऐकला होता आणि एकदाही त्याचा अर्थ लागला नव्हता.

त्याने आपला वाळा उचलला. राग कुणावर काढायचा हे कळत नव्हतं, म्हणून तो उगाच वाळा बोटांत फिरवत राहिला. बाहेरून बघितलं तर त्याचंच तोंड दिसत होतं, फुगलेलं. मग वाळा उलटा झाला.

आतल्या बाजूला कानशीचे ओरखडे तसेच होते. पहिल्या दिवशी पडलेले. आरसा झाला, मॅट झालं, सोन्याचं पाणी आलं नि गेलं, पण आत काचकागद लागलाच नव्हता. दोन्ही टोकं जिथे जवळ यायची, तिथे एक बारीक कड उभी होती. मुकुंदने तिच्यावर अंगठा फिरवला. अंगठ्याला काही कळलं नाही. कानस धरून धरून अंगठ्याचं कातडं कधीच मेलं होतं.

त्याने इकडेतिकडे बघितलं आणि वाळा गुपचूप पापणीला लावला.

लागलं.

तो उठला, आत जाऊन चांदीचा काचकागद घेऊन आला आणि तात्यांपासून जरा दूर, पायरीच्या दुसऱ्या टोकाला फतकल मारून बसला. रागावलेलाच होता. स्वतःवर की तात्यांवर, ते त्यालाही धड सांगता आलं नसतं. घासायचा, पापणीला लावायचा. पुन्हा घासायचा. घामाने डोळे चुरचुरायला लागले, की सदऱ्याच्या बाहीने पुसायचा.

आळीतला एक पोक्त सोनार जाता जाता थबकला. "काय रे मुकुंदा, डोळे आलेत का?"

"जा हो तुम्ही!" मुकुंद खेकसला.

उन्हं उतरायला लागली तेव्हा कौसाबाई आली. टोपली डोक्यावर, नातू कडेवर. पोर रडून रडून लाल झालेलं, घोट्यावर ओरखडे. ते ओरखडे बघताना मुकुंदने नजर खाली घातली.

तात्यांनी पोराचा पाय हातात घेतला आणि पितळी वाळे चढवले. पोराने तोंड वाकडं केलं, रडण्याची तयारी केली... मग विसरलं. पाय झाडून बघितला. पुन्हा झाडून बघितला.

"अगं बया," कौसाबाई म्हणाली. "तात्या, चांदीचंच केलंत की वो हे!"

"पितळच आहे, बाई."

मुकुंद उठला. त्याने दोन्ही वाळे जुन्या धोतराच्या फडक्याने आतून बाहेरून पुसले. गाळा, पाटी, दसरा, पेठेतले सराफ, सगळं त्या दोन वाळ्यांत येऊन बसलं होतं. त्याने ते तात्यांच्या नाकासमोर धरले.

"तात्या, आता बघा. आतून अंगठा फिरवून बघा. आता तरी झालं ना?"

तात्यांनी वाळ्यांकडे बघितलं. मग मुकुंदच्या लाल झालेल्या पापण्यांकडे बघितलं. पोर अजून पाय झाडत होतं. तात्यांनी दोन्ही हात गुडघ्यावर टेकले आणि कंटाळून गेलेल्या माणसासारखा एक लांब सुस्कारा सोडला.

"मला काय विचारतोस?" ते म्हणाले. "माझ्या पायात जातात का ते?"