लंबूला अडवणारी मुंगसे

माणसांच्याही आधी प्राणी बास्केटबॉल खेळत, त्या काळातली ही गोष्ट. एका उन्हाळ्यात रानात एकच पाणवठा उरला. वानर आणि मुंगसे यांच्यात सातपैकी चार सामने जो संघ जिंकेल, त्याचे पाणी, असे ठरले.

वानरांकडे उंच उडी मारणारा लंबू होता. त्याला रोखायला मुंगसांचा म्होरक्या भुऱ्या एकटाच धावायचा. "तो माझा गडी आहे, मध्ये येऊ नका," असे सगळ्यांना बजावायचा. मुंगसे ओळीने तीन सामने हरली.

"तुझी ऐट पुरे झाली, भुऱ्या," त्याच्याच संघातली म्हातारी चिंगी धापा टाकत म्हणाली. "तहान आम्हालाही लागते. तो तुला चुकवून निसटला की नुसती हाक मार. मी पुढे येईन, माझी जागा दुसरा घेईल."

भुऱ्याने नाक मुरडले, पण हाक मारू लागला. आता लंबू एका मुंगसाला चुकवायचा, तोच समोर दुसरे उभे असायचे. सामने तीन-तीन झाले. सातव्याच्या शेवटी लंबूची उडी अर्ध्यावरच अडली आणि मुंगसे जिंकली.

"मला शेवटी अडवलं कुणी?" लंबूने विचारले.

पाचही मुंगसे पाण्याकाठी आडवी पडली होती.

"उद्या विचार रे बाबा," चिंगी पुटपुटली. "आत्ता हात वर करायचीही कुणात ताकद नाही."