भुरकीचा दात

दातांना अजून वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. ओढ्याकाठच्या चिंचेवर भुरकी नावाची माकडीण राहायची आणि दिवसभर कच्च्या चिंचा खायची.

तिचा पुढचा दात रोज विनवायचा, “बाई, खाऊन झालं की ओढ्यावर जाऊन एक चूळ भर. हा आंबटपणा माझं अंग खातोय.”

जीभ खुदकन हसायची. “ऐकू नकोस गं त्याचं! एवढी चव पाण्याबरोबर थुंकायची? तो तर दगड आहे दगड, त्याला काय होतंय?”

भुरकी जिभेचंच ऐकायची. दात आंबले की मात्र वाळू घेऊन ते खसाखसा घासायची.

एक दिवस दात भडकला. “आधी आंबटात भिजवतेस आणि वर वाळूनं सोलतेस! माझी चकाकी गेली, कडा झिजल्या. चंगळ या जिभेची आणि सोलणं माझं?”

“लई बोलतोस,” म्हणत भुरकीनं आणखी एक चिंच तोडली.

एका गारठलेल्या सकाळी ती पाणी प्यायला ओढ्यावर गेली. पहिलाच घोट दाताला लागला आणि ती किंचाळली.

“आता का ओरडतेस?” दात गरजला. “याच पाण्याची एक चूळ मागत होतो मी!”

त्यानंतर दात कधीच बोलला नाही. तो फक्त ठणकतो.